बाभळीखाली तांब्याभर पाणी

६ मार्च १९८३, रविवार. उदगीर

एखाद्याला 'तुझं नाव काय' असं विचारलं, त्यानं खरं ते सांगितलं, आणि तरी विचारणारा पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला, तर त्यानं काय सांगावं? मला उत्तर येत नाही. बी.ए.ला तर्कशास्त्र होतं, त्यात मला बासष्ट गुण मिळाले. पण हा प्रश्न त्यात कुठं नव्हता.

आज उपासनेनंतर वहिनीसाठी पहिली मुक्तीची प्रार्थना झाली, म्हणजे अंगातलं भूत घालवायची. चर्चमधली बाकं भिंतीला सरकवून मधे सतरंजी घातली होती. वहिनी मधोमध, माय तिच्या मागं, दादा दाराशी उभा. पाळक शांतवनसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मोठ्यानं विचारलं, "तुझं नाव काय?"

वहिनी म्हणाली, "सिद्धम्मा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सिद्धम्मा हे तिचं माहेरचं नाव. तिचं माहेर भालकीकडं. लग्नाच्या आदल्या दिवशी तिचा इथंच बाप्तिस्मा झाला आणि रूथ नाव ठेवलं, त्याला दोन वर्षं होतील. साहेबांनी पुन्हा विचारलं. ती गडबडली आणि म्हणाली, "रूथ." कमिटीचे सेक्रेटरी शेषेरावकाका लगेच बोलले, बघा, दोन नावं सांगायलंय, म्हणजे आत एक न्हाई. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. चर्चची पत्रं, बाप्तिस्म्याचं रजिस्टर आणि मुक्तीच्या प्रार्थनांची वही माझ्याकडे असते. आमच्या घरात लिहिणारी मी पहिलीच. बाबा याच चर्चची घंटा वाजवत, त्यांना सहीसुद्धा येत नव्हती.

वहिनीवर आळ आहे तो पाण्याचा. टँकर चौथ्या दिवशी येतो, घागरीवरून भांडणं होतात. आणि ती महिन्याभरापासून रोज दुपारी तांब्याभर पाणी घेऊन कबरस्तानाच्या बाहेर बाभळीखाली जाते आणि ते मातीवर ओतून येते. तिथं तिची बाळी आहे. १९ जानेवारीला गेली, हगवणीनं, चार महिन्यांची. शेषेरावकाकांच्या घरच्या म्हणतात, त्या जागेला तहान लागलीय, ती हिच्या हातून पाणी मागून घेते. मी वहिनीला सरळ विचारलं होतं, पाणी कशाला? तिनं रिकामा तांब्या पालथा घातला. मला खरंच कळत नाही.

९ मार्च, बुधवार

बाळीला कुंपणाच्या आत जागा मिळाली नाही, कारण बाप्तिस्मा झालेला नव्हता. साहेबांची हरकत नव्हती, पण जुनी मंडळी ऐकेनात. नावही ठेवायचं राहिलं, कारण आमच्यात नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवतात. घरात नुसतं 'बाळी'.

बाप्तिस्मा ऑक्टोबरातच व्हायचा होता. मी थांबायला सांगितलं. त्यात माझं काही चुकलं असं नाही. पंधरा ऑगस्टपासून आपला जिल्हा लातूर झाला आणि चर्चचे दाखले अजून 'जिल्हा उस्मानाबाद' छापलेले. तसला दाखला घेऊन ती उद्या शाळेत गेली तर मास्तर परत पाठवणार. पुढं नोकरीला अडचण. कागदावर एक शब्द चुकीचा असला की किती खेटे घालावे लागतात ते मी भोगलं आहे. नवे फॉर्म लातूरला छापायला दिलेत, आज येतील उद्या येतील म्हणता म्हणता दिवस गेले. यात कुणाचा दोष?

दादानं तेव्हा लगेच ऐकलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, आमची सुवार्ता म्हणती म्हणजे तसंच असंल. वहिनी बाळीला मांडीवर घेऊन बसली होती.

१३ मार्च, रविवार

तीन दिवसांचा उपास आज संपला. कमिटीनं पाळी लावली होती, म्हणजे चोवीस तास कुणी ना कुणी वहिनीसाठी उपाशी राहील. यादी मीच केली. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्यांना मी वगळलं होतं, पण त्यांनाच वाईट वाटलं. आमचं नाव का न्हाई म्हणून दोघी भांडायला आल्या. अशी माणसं आहेत ही. त्यांना वाईट म्हणवत नाही.

वहिनीला मात्र तिन्ही दिवस पूर्ण उपास. आज तिला धरून आणावं लागलं. साहेबांनी विचारलं, कोण आहेस, कुठून आलास? ती गप्प. अर्धा तास गप्प. शेषेरावकाका म्हणाले, मुका आत्मा हाय, हा अवघड जातीचा. ते मी लिहून घेतलं.

माय घरी आल्यावर भाकरी थापताना आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "माझ्या आजीच्या अंगात यायचं तवा लोक पाया पडायचे. आता आलं तर उपाशी ठेवतेत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, हे लिहू नको तुझ्या वहीत.

कमिटीनं ठरवलं की ईस्टरपर्यंत फरक पडला नाही तर वहिनीला सीमेपलीकडच्या प्रार्थनाघरात चाळीस दिवस ठेवायचं. मी दादाला बाजूला घेऊन म्हटलं, तू नको म्हण. तो अडत दुकानावर हमाली करतो, हल्ली तिथंही माल नाही, दिवसभर पोत्यावर बसून असतो. तो म्हणाला, "मला माझी बायको पाहिजे, सुवार्ता. ही न्हाई." आणि तोंड धुवायला गेला. पाणी नव्हतं, कोरडाच हात फिरवून आला.

प्रार्थनाघराची पत्रं मीच लिहीत आले आहे. दोघींची लिहिली. तिथं पायाला साखळी घालून खांबाला बांधतात. एक परत आली, ती आता कुणाशी बोलत नाही. दुसरी आलीच नाही.

२० मार्च, रविवार

वही पहिल्यापासून वाचून काढली. नऊ जण मोकळे झाले आहेत आणि नऊही जणांचं एकाच रीतीनं झालं आहे. आधी अंग कापतं, मग मोठी किंकाळी, मग धाडकन पडणं. थोडा वेळ निपचित. मग पाणी मागायचं आणि प्रभूचं नाव तीनदा घ्यायचं. एवढं झालं की मोकळं झालं असं धरतात. कुणी आणखी काही विचारत नाही.

मला एक गोष्ट सुचली आहे. ती पाप आहे की नाही, ते ठरवता येत नाही. प्रार्थना केली, पण मनात आधीच ठरलेलं होतं, त्यामुळं ती प्रार्थना धरता येणार नाही.

२४ मार्च, गुरुवार

दुपारी बालवाडीच्या रिकाम्या खोलीत वहिनीला घेऊन गेले आणि दाराला आतून कडी लावली. तिला सांगितलं, तुला साखळी घालणार आहेत, त्यातून सुटायचा हा एकच रस्ता आहे. मी शिकवते तसं कर.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "किती जोरात वरडू, आक्का? टेशनापस्तोर जायला पाहिजे का?"

मला हसू आलं, मग तिलाही आलं. जानेवारीनंतर पहिल्यांदा. मी घरून वाकळ आणली होती, ती खाली घातली. पहिल्यांदा ती पडली ती पदर सावरत, गुडघे मिटून, अगदी सांभाळून. म्हटलं, भूत गेलेली बाई पदर सावरत नाही. दुसऱ्यांदा चुकून माझ्याच अंगावर पडली. तिसऱ्यांदा जे पडली ते बघून मी धावत जाऊन तिचं डोकं उचललं. इतकं खरं वाटलं.

उठून बसल्यावर तिनं विचारलं, "मंग मला बाभळीकडं जाऊ देतील?" मी म्हटलं, एकदा मोकळी झालीस की तुला कुणी काही म्हणणार नाही.

असं मी म्हटलं. ते इथं लिहून ठेवते.

२७ मार्च, झावळ्यांचा रविवार

झालं. ठरवलं तसं सगळं झालं.

सगळे मिळून 'नीघ, नीघ' म्हणत होते. चर्चचं पत्र्याचं छप्पर दणाणत होतं, बायकांच्या हातात झावळ्या तशाच होत्या. वहिनी कापायला लागली. मी वहीत डोकं खुपसून बसले होते, मला बघायचं धाडस नव्हतं. मग ती ओरडली. आम्ही ठरवलेलं ओरडणं ते नव्हतं. ती पडली ती तोंडावर, आणि ओठ फुटला. ती इतका वेळ निपचित होती की मी उठणारच होते. मग तिनं पाणी मागितलं. नाव तीनदा घेतलं. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दादा दाराशी खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. बाळी गेली तेव्हाही तो रडला नव्हता.

वहीत मी दहावी नोंद केली. ही माझ्या हातची पहिली खोटी नोंद. पण दादाचं रडणं बघून वाटलं, ज्या खोट्यानं एवढं बरं होतं ते देव माफ करील.

३ एप्रिल, ईस्टर

वहिनी नवं लुगडं नेसून चर्चला आली. शेषेरावकाकांनी तिला पुढच्या बाकावर बसवलं. ती आता बाभळीकडं जात नाही, कुणी मना केलेलं नसताना. घागरीतलं पाणी टिकतं.

शिवाय लातूरच्या कलेक्टर कचेरीतून मला मुलाखतीचं पत्र आलं. नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघाल्यात. ३ मे, सकाळी अकरा. माझ्या नावापुढे 'बी.ए.' टाइप केलेलं आहे. मायनं ते पत्र उलटं धरून बराच वेळ बघितलं.

१२ एप्रिल, मंगळवार

आज मला काय ऐकावं लागलं ते लिहायलाच हवं.

टँकरच्या रांगेत मी आणि वहिनी होतो. मला जरा अभिमान वाटत होता. मी म्हटलं, बरं झालं, तू आता बाभळीकडं जात नाहीस.

ती म्हणाली, "कोनासाठी जाऊ? तिथं कोन हाय?"

मग घागरीच्या काठावर बोट फिरवत हळू आवाजात सांगितलं, "मी पडले तवा ती गेली, आक्का. तुम्ही समदे 'नीघ, नीघ' करत होते. लेकरू हाय ते. इतक्या मोठमोठ्या माणसांनी हाकललं तर ऱ्हाईल का?"

मी म्हटलं, अगं, ते नाटक होतं. आपण दोघींनी ठरवलेलं. ती म्हणाली, "माझं नाटक. तिला काय ठाव?"

रांग पुढं सरकली. मी घागर सरकवली. मग विचारलं, की तू पाणी कशाला नेत होतीस.

"साहेब तीन येळा डोक्यावर घालतेत ना, तेच. साहेबांच्या हातानं एकदाच घातलं की होतं. माझ्या हातानं किती दिवस लागतील ते ठाव न्हवतं, म्हणून रोज घालायची. नाव बी घ्यायची."

कोणतं नाव, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. दाखल्याच्या फॉर्मबद्दल ती एक शब्द बोलली नाही. आजपर्यंत कधीच बोललेली नाही.

१७ एप्रिल, रविवार

लातूरहून मोठे साहेब, म्हणजे आमच्या पाळकांचे वरिष्ठ, आले होते. दोन बाळांचे बाप्तिस्मे झाले. दाखले लिहायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, नवे फॉर्म अजून आलेले नाहीत. शेषेरावकाका म्हणाले, "त्यात काय? उस्मानाबाद खोड अन् वर लातूर लिही की. काय बिघडतं?"

मी खोडलं. वर लातूर लिहिलं. मोठ्या साहेबांनी खाली सही केली, दोन्हीवर. पेनाची एक रेघ. त्याला किती वेळ लागतो ते मी आज बघितलं.

पाणी बाळांच्या डोक्यावर पडताना वहिनी रडायला लागली. आवाज नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं आणि तिचे ओठ हलत होते. बायका बाकावर सरकून तिच्यापासून लांब बसल्या. मला आधी कळलं नाही. मग शेषेरावकाका सगळ्यांना आठवण करून देत म्हणाले तेव्हा कळलं. शास्त्रात लिहिलेलं आहे, निघून गेलेला आत्मा फिरून येतो. घर झाडलेलं, रिकामं दिसलं की आपल्याहून वाईट असे सात सोबती घेऊन येतो, आणि त्या माणसाची शेवटची स्थिती पहिलीपेक्षा वाईट होते.

हे वचन मला पाठ आहे. रविवारच्या शाळेत मी मुलांना शिकवलं आहे. बालवाडीत वाकळ अंथरताना ते मला आठवलं नाही. आता ती रडली तर सात, गप्प बसली तर सात, आणि हसली तर ते सातही हसतात. आधी ती नुसती दुःखी होती.

२४ एप्रिल, रविवार

उपासनेत साक्षीच्या वेळी, जो तो आपला अनुभव सांगतो तेव्हा, मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बालवाडीची खोली, वाकळ, तीनदा पडून बघितलं ते. वहिनीत कधीच काही नव्हतं, ही तिची मुलगी गेली म्हणून रडते आहे, एवढंच. बाप्तिस्मा राहिला तो माझ्यामुळं, हेही सांगितलं. आवाज चांगला लागला होता. वाटलं होतं, खरं एकदा स्पष्ट बोललं की पुरतं.

शेषेरावकाका रागावले नाहीत. उलट मऊ आवाजात म्हणाले, "तू शिकलेली हाईस, पोरी. शिकलेल्याला असं काय काय सुचतं. पर तिलाच विचारू."

वहिनी उठली. सगळ्यांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "आक्का खोटं न्हाई बोलत. तिनं शिकवलं. पर निघालं ते खरं निघालं. मी जाताना बघितलं."

बायकांनी वहिनीभोवती आणि नंतर माझ्याभोवती कडं केलं. माझ्या डोक्यावर चार-पाच हात आले. एका हाताला कांद्याचा वास होता. मी डोळे मिटून घेतले. दादा बाहेर निघून गेला.

घरी माय म्हणाली, "तुला कोन सांगितलं होतं बोलायला? आता एकीच्या दोघी झाल्या."

२८ एप्रिल, गुरुवार

कमिटी बसली. वहिनीला प्रार्थनाघरात पाठवायचं, चाळीस दिवस, लागले तर जास्त. ३ मेची सकाळची एसटी. दादानं अंगठ्याच्या जागी सही केली. सही करायला त्याला मीच शिकवली होती. पत्र नेहमीप्रमाणं मला लिहायला सांगितलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी पत्र लिहून संध्याकाळच्या आत साहेबांच्या घरी नेलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. एका ओळीवर थांबले, पुन्हा वाचलं.

"हे काय लिहिलंस ते कळतंय ना तुला?"

मी म्हटलं, हो.

"तुझी मुलाखत आहे म्हणे. तुझी आई सांगत होती."

मी म्हटलं, हो, त्याच दिवशी.

त्यांनी पेन उघडून टोपण बाजूला ठेवलं. मग म्हणाले, मी तिच्यासाठी रोज प्रार्थना केली, सुवार्ता, खोटी नाही केली. मला ते माहीत होतं. त्यांनी सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिले.

३ मे, मंगळवार

हे प्रार्थनाघराच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. वही काढून घेतील असं वाटतं.

सकाळी स्टँडवर लातूरची गाडी आमच्या गाडीशेजारी लागलेली होती. कंडक्टर अहमदपूर, चाकूर ओरडत होता. मी तिकडं बघितलं नाही असं नाही. दादा पोचवायला येणार होता, त्याला म्हटलं, तू राहा, मी नेते. त्यानं वहिनीच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "खिडकीशी बस." माय आली नव्हती.

वाटेत दोन्ही बाजूला नुसती काळी भेगाळलेली रानं. सीमेच्या अलीकडं कुठंतरी वहिनीनं माझ्या कानाशी येऊन बाळीचं नाव सांगितलं. म्हणाली, इथं कोनाला सांगू नको, आक्का, नाही तर तेच नाव घेऊन हाकलतील. ते नाव मी इथंही लिहिणार नाही.

दुपारी पोचलो. फाटकाशी बसलेल्या म्हाताऱ्यानं पत्र घेतलं आणि बोट ठेवून ठेवून वाचलं. त्यात मी दोन नावं लिहिली होती. रूथ येशुदास कांबळे, आणि खाली सुवार्ता ज्ञानोबा कांबळे, दोघींनाही बाधा, दोघींनाही एकाच खोलीत ठेवावं. खाली पाळकसाहेबांची सही आणि चर्चचा शिक्का. शिक्क्यात अजून जिल्हा उस्मानाबादच आहे. त्यानं काही बिघडलं नाही.

म्हाताऱ्यानं आतून दोन साखळ्या मागवल्या. आधी वहिनीकडं वळून नाव विचारलं. ती बोलली नाही. मग मला विचारलं, तुझं नाव काय.

मी माझं नाव सांगितलं.

त्यानं पुन्हा विचारलं.